उजव्या बरगडीआडचा कैदी

सोनवळच्या मध्यवर्ती कारागृहातला एखादा कैदी कमी झाला तर काय करायचं, यावर नियमावलीत साडेअकरा पानं आहेत. भोंगा किती वेळ वाजवायचा, कुत्रं कुठून आणायचं, अधीक्षक आंघोळीला गेले असतील तर दार किती वेळा ठोठावायचं, सगळं आहे. एखादा कैदी जास्त झाला तर काय करायचं, यावर मात्र एक ओळही नाही. नियमावली लिहिणाऱ्या साहेबाला वाटलं असावं, आपणहून इथं कोण येतंय!

त्यामुळे दोन हजार एक्केचाळीस सालच्या चोवीस फेब्रुवारीला, संध्याकाळी सव्वापाच वाजता, ठोकेबाई शांतपणे म्हणाल्या, "एकूण बंदी, एक हजार नऊशे तेरा," तेव्हा सुभेदार वाघचवरेंचा चहाचा ग्लास ओठांपासून दोन बोटांवर थांबला. रजिस्टरात एक हजार नऊशे बारा होते.

ठोकेबाई म्हणजे कुणी बाई नव्हत्या. सरकारी कागदावर त्यांचं नाव 'स्पंदन गणना प्रणाली' होतं. प्रत्येक बराकीच्या छताला आणि मैदानाभोवतीच्या खांबांना साबणाच्या वडीएवढ्या काळ्या डब्या बसवल्या होत्या, आणि आकडा सांगायला एक बायकी आवाज. बाकी बारसं कैद्यांनी केलं.

त्यांच्याआधी मोजणी जोडीनं व्हायची. बराक बंद होण्याआधी सगळ्यांनी मैदानात दोन-दोन करून उकिडवं बसायचं आणि शिपायानं काठी हलवत जायचं: दोन, चार, सहा, आठ. ही जोडी जुळायला पत्रिका लागत नाही. पहिल्या दिवशी जो शेजारी बसला, तो पुढची काही वर्षं शेजारी बसतो, एवढाच विधी. दिगंबर लोणारे आणि ठकाजी शेलार, म्हणजे आबा, चार वर्षं अशी जोडी होते. सकाळ-संध्याकाळ शेजारी बसून लोणारेला आबांच्या गुडघ्यांचा आवाज स्वतःच्या बायकोच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. यंत्र आलं, उकिडवं बसायची गरज संपली, तरी लोक जोडीनंच बसत. सवय सुटायला अजून आदेश आला नव्हता.

यंत्र बसवलं तेव्हा कंपनीची इंजिनिअर जुईली मैदानात येऊन समजावून गेली होती. "हृदय धडधडलं की छातीची कातडी केसाच्या जाडीइतकी हलते. आमच्या डबीतून बारीक रेडिओ लहरी निघतात, त्या कपड्यातून, घोंगडीतून आरपार जातात, छातीवर आपटून परत येतात. परत येताना ती हालचाल घेऊन येतात. प्रत्येकाचं हृदय धडधडायची तऱ्हा वेगळी, जशी प्रत्येकाची सही वेगळी. म्हणून डबी नुसतं मोजत नाही, ओळखतेसुद्धा."

"श्वास का नाही मोजत मॅडम?" कुणीतरी विचारलं.

"श्वास रोखता येतो. हृदय रोखता येत नाही."

"माझं तर बायकोकडंय," मागून आवाज आला. जुईलीनं शांतपणे सांगितलं, की तसं असेल तर तुम्ही फरार धरले जाल, आणि मग प्रत्येकाला दहा-दहा सेकंद डबीखाली उभं करून हृदयाची नोंद करून घेतली.

तर, एक हजार नऊशे तेरा.

तुरुंगात टोटल हा देव आहे. टोटल लागल्याशिवाय बराक बंद होत नाही, आणि बराक बंद झाल्याशिवाय कर्मचारी घरी जात नाहीत. वाघचवरेंनी काठीनं मोजलं. नऊशे छप्पन्न जोड्या, म्हणजे एक हजार नऊशे बारा. ठोकेबाईंना परत विचारलं. तेरा. माणसं उठवली, बसवली, उलट्या बाजूनं मोजली, स्वयंपाकघराची कढई उचलून खाली कोण आहे का ते पाहिलं. बारा. ठोकेबाई: तेरा. साडेसहा वाजले. वाघचवरेंच्या पोरीची सुपारी फुटणार होती सातला, आणि मुलाकडचे लोक वेळेचे पक्के होते.

पडद्यावर एक ओळ मघापासून लुकलुकत होती. 'अनोंदणीकृत बंदी आढळला. नोंद करायची का?'

बाहेरच्या माणसानं विचार केला असता, की हा जास्तीचा आला कुठून. पण वाघचवरेंची तेवीस वर्षं याच भिंतींत गेली होती, आणि तिथं माणसं आणि रजिस्टर यांचं जमेनासं झालं की रजिस्टर दुरुस्त करतात. माणसं दुरुस्त करायला वेळ लागतो. त्यांनी 'होय' दाबलं.

"एकूण बंदी, एक हजार नऊशे तेरा," ठोकेबाई म्हणाल्या. "टोटल बरोबर."

सगळे घरी गेले. कैदी सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बराक क्रमांक तीनमध्ये बंदी क्रमांक ५०१७ साठी एक घोंगडी, एक ताट, एक मग आणि चार चपात्या आल्या. नाव: अनोळखी. जागा: आबांच्या अंथरुणावर, थोडं उजवीकडे.

ते 'थोडं उजवीकडे' वाचून लोणारेनं कपाळावर हात मारला. "आबा, हा तुमचा उजवा!"

आबांची गोष्ट अशी. ते वराती बँडमध्ये ताशा वाजवायचे. एका लग्नात दोन बँड समोरासमोर आले, रस्ता कुणी सोडायचा यावरून झोंबाझोंबी झाली, आबांनी समोरच्याला धक्का दिला, तो दगडावर पडला आणि उठला नाही. दहा वर्षं. आबा त्याबद्दल कधी विनोद करत नाहीत, तेव्हा आपणही नको करायला. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी त्यांच्याच कातडीतल्या पेशी घेऊन प्रयोगशाळेत चिकूएवढं दुसरं हृदय वाढवलं आणि छातीत उजवीकडे, जुन्याच्या जोडीला शिवून टाकलं. याला सोबती हृदय म्हणतात. जुनं काढत नाहीत. दोघं मिळून रक्त ढकलतात. दोघांची लय वेगवेगळी, म्हणून दर सहा महिन्यांनी मोठ्या रुग्णालयात जाऊन मेळ बसवून घ्यायचा असतो. मेळ सुटला, की एक ढकलतो तेव्हाच दुसराही ढकलतो, आणि मधल्या मधे माणूस जातो.

जुईलीच्या डबीनं नोंद करताना आबांचं डावं हृदय टिपलं होतं. उजवं तिला माहीतच नव्हतं. कालपरवापर्यंत दोघांत इतका थोडा फरक होता, की डबीला एकच वाटे. आता वेगवेगळे ऐकू येऊ लागले होते.

आणि खरी काळजी तीच होती.

"दोन महिने झाले," आबा बोटांनी मांडीवर ठेका धरत म्हणाले. "डावा केरवा धरतोय, तो ठीक हाये. पन उजवा दादऱ्यात शिरतोय. मधीच सम चुकतो. ताशावाल्याला कळतंय रं, कोन कवा लय सोडनार ते."

तुरुंगाच्या डॉक्टरांनाही कळत होतं. ते म्हणाले, दीड महिना, फार तर दोन. आबांचा मेळ बसवायची तारीख उलटून चौदा महिने झाले होते. रुग्णालयात न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो, एका कैद्याला दोन. लोणारेनं त्यासाठी अकरा अर्ज केले होते, आणि अकराही वेळा एकच उत्तर आलं होतं: 'गार्ड उपलब्ध नाही.'

अर्ज हा लोणारेचा धंदा. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून तो लोकांचे अर्ज लिहायचा. एकदा एक म्हातारा आला, ज्याला कचेरीनं कागदोपत्री मारून टाकलं होतं. तीन वर्षं खेटे घालून तो जिवंत होईना. शेवटी लोणारेनं स्वतः शिक्का कोरून त्याला जिवंत असल्याचा दाखला करून दिला. कोर्टात म्हातारा जिवंत हजर होता, पण शिक्का खोटा निघाला. सात वर्षं. आत आल्यावरही तो सगळ्यांचे अर्ज लिही आणि प्रत्येक अर्ज 'ही नम्र विनंती'नं संपवी, म्हणून सगळे त्याला विनंतीराव म्हणत. आजवर त्याचा एकही अर्ज मंजूर झाला नव्हता. लोक तरी लिहून घेत. अक्षर चांगलं होतं.

लोणारे वाघचवरेंकडे गेला.

"सुभेदारसाहेब, ५०१७ ची नोंद काढून टाका. नाहीतर आता दोन कैद्यांचे चार गार्ड लागतील. दोन मिळेनात, चार कुठून मिळणार?"

वाघचवरेंनी दार लोटून घेतलं. पोरीची सुपारी झकास झाली होती, पण झोप उडाली होती. "काढता येत नाही रे विनंतीराव. कैदी रजिस्टरात एकदा आला की तीनच वाटांनी जातो. मयत, पळाला, सुटला. चौथा रकानाच नाही."

"मयत दाखवा."

"प्रेत कुठनं आणू? आबाला फाडू?"

"पळाला दाखवा."

"मग मी निलंबित. आणि तो पळाला, तर आबा हितं कसा बसलाय, हे कोण सांगणार?"

"मग सुटला दाखवा."

"सुटकेला कोर्टाचा आदेश लागतो."

"कोर्ट म्हणेल, याला आत घेतलं कुठल्या वॉरंटवर?"

वाघचवरेंनी लोटलेल्या दाराला कडी घातली. भिंतीवरची पाल तेवढी चुकचुकली, पण तिला कायद्यातलं काही कळत नसल्यानं तिकडे दुर्लक्ष झालं.

"साहेब," लोणारे हळूच म्हणाला, "याचं वॉरंट नाही. गुन्हा नाही. कोर्टापुढं कधी उभं केलेलं नाही. सरकारनं एका निरपराध इसमाला डांबून ठेवलंय."

"इसम कसला, चिकूएवढाय तो!"

"कायद्यात माप नाही दिलेलं."

त्या दुपारी विणकामाच्या शेडमागे बसून लोणारेनं आयुष्यातला सगळ्यात चांगला अर्ज लिहिला. उच्च न्यायालयाला. विषय: देहोपस्थितीची याचिका. म्हणजे, ज्याला बेकायदा कोंडलंय त्याचा देह कोर्टापुढे आणा आणि कोंडायचं कारण सांगा. साध्या कागदावर कैद्यानं पाठवलेलं पत्रसुद्धा चालतं. अर्जदार: बंदी क्रमांक ५०१७. वय: सहा वर्षे. धंदा: रक्त ढकलणे. तक्रार: चार चपात्या मिळतात, कारण सांगितलं जात नाही.

सहीचा प्रश्न आला. आबा म्हणाले, "आंगठा देऊ का माझा?"

"तुमचा नाही चालणार. अर्जदार तुम्ही नाही."

मग वाघचवरेंनी, आपण हे केलंच नाही असा चेहरा करून, ठोकेबाईंच्या पडद्यावरून ५०१७ च्या ठोक्यांची पट्टी छापून दिली. प्रत्येक हृदयाची तऱ्हा सहीसारखी असते, हे कंपनीनंच सांगितलं होतं. लोणारेनं ती अर्जाखाली चिकटवली.

चौथ्या दिवशी त्याला अधीक्षक मॅडमनी बोलावलं. अधीक्षक देवस्थळी तशा वाईट नव्हत्या. कैद्यांना त्या 'अहो' म्हणत, त्यामुळे शिक्षा अधिक गंभीर वाटे.

"लोणारे, या यंत्राचं कौतुक मंत्र्यांनी सभागृहात केलंय. राज्यातल्या सगळ्या कारागृहांत ते बसतंय. आणि तुम्ही लिहिलंय की ते एका चिकूला कैदी समजतं."

"मी तसं नाही लिहिलं, मॅडम. मी लिहिलंय की ते अचूक आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "तुमची संचित रजा दोन वर्षं अडकलीये. अठ्ठावीस दिवस. मुलगी किती वर्षांची?"

"सात."

"तुम्ही आत आलात तेव्हा?"

"तीन."

"अर्ज मागे घ्या. सोमवारी रजेवर जा. शेलारांच्या गार्डसाठी मी स्वतः पत्र लिहिते."

लोणारेला मुलीचा आवाज फोनवर ऐकू यायचा. मागच्या वेळी तिनं विचारलं होतं, "बाबा, तुमची उंची किती आहे?" आणि त्याला नेमकी सांगता आली नव्हती. अठ्ठावीस दिवसांत ती उभ्याउभ्या मोजता आली असती. त्यानं सतरंजीवरच्या डागाकडे पाहिलं. मॅडमचं पत्र खरंच गेलं असतं, आणि त्याला खरंच उत्तर आलं असतं, 'गार्ड उपलब्ध नाही.'

"मॅडम, मला मागे घेता येत नाही."

"का?"

"अर्जदार मी नाही. तुम्ही ५०१७ लाच विचारा. त्यानं हो म्हटलं, तर माझी हरकत नाही."

मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्यांनी अर्जावर 'अग्रेषित' असा शिक्का मारला. लोणारे पुढं नेहमी सांगायचा, की असा सुंदर शिक्का त्याला स्वतःला कधी कोरता आला नसता.

तुरुंगात भिंतींना कान नसतात, माणसांनाच इतके असतात की भिंतींना लागत नाहीत. संध्याकाळी जोडीनं बसल्यावर आबा त्याच्याकडे बघायला तयार नव्हते.

"रजा सोडलीस व्हय रं?"

"कोण म्हणालं?"

"समद्या बराकीला ठावं हाय. शान्या, पोर सात वर्साची हाय तुजी. मी सदुसष्ट. हिशेब येतो का तुला? जा, उद्या सकाळी मॅडमच्या पाया पड."

"आबा, गप बसा. ठोके वाढतील."

"वाढू देत! दोन हायेत माज्याकडं!" आबा ओरडले, आणि लगेच छातीवर हात ठेवून वाकले. उजवा सम चुकला होता. लोणारेनं त्यांना धरलं. आबांच्या पाठीवरून त्याच्या तळव्याला दोन ठेके लागत होते. एक सावकाश, दुसरा त्याच्यात पाय घालणारा.

"जोडीदार हायेस म्हनून ऐकतोय," थोड्या वेळानं आबा पुटपुटले. "न्हाईतर ऐकलं नसतं."

सुनावणी बाराव्या दिवशी लागली. लोणारेला पडद्यासमोर बसवलं. पलीकडे न्यायमूर्ती इनामदार होत्या, आणि सरकारी वकील खोत, ज्यांचा चेहरा आदल्या दिवशी कुणीतरी फाईल हातात कोंबल्यासारखा होता.

"माय लॉर्ड, ही याचिका म्हणजे थट्टा आहे," खोत म्हणाले. "५०१७ नावाचा कुणी कैदी नाही."

"रजिस्टरात आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. "त्याला घोंगडी दिलीत. ताट दिलंत. बारा दिवस चार चपात्या दिल्यात. अस्तित्वात नसलेल्याला चपाती कशी देता?"

"यंत्राची चूक आहे, माय लॉर्ड."

न्यायमूर्तींनी दुसरा कागद उचलला. "मागच्या महिन्यात याच खात्यानं याच कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलंय. 'ही प्रणाली एकही हृदय वगळत नाही व एकही हृदय जादा मोजत नाही.' तुमचीच सही आहे, खोतसाहेब. तेव्हा दोनपैकी एक. यंत्र चुकतं, मग राज्यातल्या सगळ्या तुरुंगांची मोजणी आजपासून संशयास्पद. किंवा यंत्र बरोबर आहे, मग हा कैदी खरा आहे आणि त्याला विनावॉरंट डांबलंय. कुठलं?"

"सूचना घ्यायला चार आठवडे द्यावेत."

"दहा मिनिटं देते."

दहा मिनिटांत खात्यानं मंत्र्यांना फोन केला. मंत्र्यांनी विचारलं, यंत्रं किती मागवली आहेत? आकडा ऐकून ते म्हणाले, यंत्र बरोबर आहे.

"कैदी खरा आहे, माय लॉर्ड," खोत परत येऊन म्हणाले, आणि वकिलीत इतक्या वर्षांत प्रथमच खरं बोलल्यासारखे दिसले.

"हे हृदय म्हणजे स्वतंत्र व्यक्ती आहे का, यात हे कोर्ट शिरत नाही," न्यायमूर्ती म्हणाल्या. "पण ज्याला शासन कैदी म्हणतं, त्याला कैदी ठेवायचं कारण शासनानं दाखवलंच पाहिजे. ५०१७ ला परवा सकाळी साडेदहाला माझ्यासमोर हजर करा. येताना रुग्णालयात तपासणी करून अहवाल आणा. आणि लोणारे..."

"जी, माय लॉर्ड."

"ठोक्यांची पट्टी सहीच्या जागी कुणाच्या डोक्यातून आली?"

"अर्जदाराच्या, माय लॉर्ड. अगदी मनापासून."

उच्च न्यायालयाचा आदेश म्हटल्यावर गार्ड उपलब्ध झाले. चौदा महिने एकही नव्हता. परवाच्या पहाटे सहा आले, गाडीसकट, आणि पुढे मोटरसायकल. एका गार्डनं बेडी काढली आणि विचारलं, "दुसरा कैदी कुठाय?" आबांनी शर्टाचं बटण उघडून दाखवलं. गार्डनं बेडीकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं आणि बेडी परत खिशात टाकली.

रुग्णालयात सहा हत्यारबंद पोलीस मधे उभे असल्यानं आबांना रांगेत थांबावं लागलं नाही. तास-दीड तासात मेळ बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठवडा गेला असता तर आपण भेटलो नसतो. आबांनी डोळे मिटले, मांडीवर बोटं वाजवली, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. "समेवर आला," एवढंच म्हणाले. पण डॉक्टरांनी अहवालात असंही लिहिलं, की उजवं हृदय फार ताणलं गेलंय. वर्षभर दर आठवड्याला इथं आणावं लागेल.

कोर्टात न्यायमूर्तींनी विचारलं, "५०१७ हजर आहे का?"

"हाये, बाईसाहेब," आबा म्हणाले. "जरा दमलाय, पन हाये."

लोणारे तुरुंगातल्या पडद्यावरून बघत होता. मागे वाघचवरे, अधीक्षक मॅडम, दोन स्वयंपाकी, आणि आपण इथं कसे आलो हे सांगता न येणारे तीसेक कैदी. निकाल वाचायला चार मिनिटं लागली. ५०१७ ला विनाअट, ताबडतोब सोडण्यात यावं. तो ज्याच्या छातीत राहतो त्या ३३०८ ला, म्हणजे ठकाजी शेलार यांना, मागे ठेवून त्याची सुटका करणं शक्य दिसत नाही. कारागृहाला एखादी पद्धत माहीत असल्यास ती कोर्टाला न सांगता विसरून जावी. सबब, आणि वैद्यकीय अहवाल पाहता, शेलार यांची उरलेली शिक्षा स्थगित करण्यात येत आहे. तसंच, गार्ड नाही म्हणून ज्यांची वैद्यकीय तपासणी राहिली आहे अशा राज्यातल्या प्रत्येक कैद्याची यादी पंधरा दिवसांत सादर करावी.

शेवटचं वाक्य लोणारेनं मागितलंच नव्हतं. त्याला क्षणभर वाटलं, अर्जात काहीतरी चूक झाली.

सुटकेच्या दिवशी दुपारी चारला मुख्य दरवाजाशी वाघचवरे दोन अर्ज घेऊन बसले होते. आबांचा पटकन भरून झाला. मग दुसरा.

"५०१७. वडिलांचं नाव?"

आबांनी विचार केला. "मीच म्हना की. माज्याच कातडीचा हाये."

"आईचं?"

"ती बी मीच."

"ओळखीची खूण?"

"दिसत न्हाई कुनाला. ऱ्हातो उजवीकडं."

"पुढचा पत्ता?"

"हितंच," आबा छातीवर बोट ठेवून म्हणाले, आणि वाघचवरेंनी ते तसंच लिहिलं.

लोणारेला दरवाजापर्यंत सोडायची परवानगी मॅडमनी दिली होती. परवानगीच्या कागदावर कारण लिहिलं होतं: 'अर्जदाराचा लेखनिक.' चार वर्षं शेजारी बसायची सवय. समोरासमोर उभं राहायची नव्हती.

"तुज्या पोरीला काय सांगू?" आबांनी विचारलं.

"तुम्ही कुठं भेटणार तिला?"

"उद्या. पत्ता घेतलाय वाघचवऱ्याकडनं. मोजपट्टी घिऊन जातो. तुजी उंची माज्या कानापत्तुर हाये, भिंतीवर रेघ मारून दावतो तिला. म्हनतो, बाप एवढा हाय, अजून तीन वर्सांनी ताडून बघ."

लोणारेनं मान हलवली. मग खिशातली पेन्सिल काढून आबांच्या हातात दिली, रेघ मारायला.

लहान दार उघडलं. एक माणूस बाहेर गेला. दोन कैदी सुटले.

सव्वापाचला सगळे मैदानात बसले. जोडीनंच. लोणारेच्या शेजारची जागा रिकामी होती आणि तिथं कुणी सरकलं नाही. एक हजार नऊशे अकरा माणसं खांबांवरच्या डब्यांकडे तोंड करून अशी गप्प होती, जशी परीक्षेच्या निकालाला पोरं असतात.

"एकूण बंदी," ठोकेबाई म्हणाल्या, "एक हजार नऊशे अकरा. टोटल बरोबर."

कुणी ओरडलं नाही. टाळीही वाजली नाही. मैदानात टाळी वाजवायला मनाई आहे. सगळे आपापल्या जागी मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून, नियमानुसार बसून राहिले. फक्त ठोकेबाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखा आला.

"सूचना. एक हजार नऊशे अकरा हृदयांची गती एकाच वेळी वाढली आहे. सूचना. कारण अज्ञात."

भोंगा वाजला. हेल्मेटं घालून, ढाली घेऊन चाळीस शिपाई धावत आले आणि मैदानाच्या कडेला येऊन थांबले. समोर एक हजार नऊशे अकरा माणसं चुपचाप बसली होती आणि सगळ्यांचे दात दिसत होते. काही क्षणांनी एका शिपायानं ढाल खाली केली. मग शेजारच्यानं. शिपायांच्या बिल्ल्यामुळे डबी त्यांचं हृदय मोजत नसे, म्हणून बरं.

यंत्राचा अहवाल भरल्याशिवाय भोंगा बंद होईना. वाघचवरे पडदा घेऊन लोणारेजवळ उकिडवे बसले, नेमके त्या रिकाम्या जागेत.

"विनंतीराव, हे काय लिहायचं? कारणाच्या यादीत तीनच आहेत. दंगल, आग, साथीचा रोग."

"'इतर' असेल बघा खाली."

"आहे. 'इतर असल्यास तपशील द्यावा.'"

"लिहा, आनंद."

वाघचवरेंनी लिहिलं. भोंगा थांबला. मैदानात इतकं शांत झालं, की स्वयंपाकघरातली डाळ रटरटताना ऐकू आली. मग त्यांनी पडदा डोळ्यांजवळ धरला.

"अजून एक रकाना आहे. 'पुन्हा असा प्रकार घडू नये म्हणून केलेली उपाययोजना.'"

लोणारेनं बराच विचार केला. तो रकाना कसा भरायचा, हे त्याला चांगलं माहीत होतं. आयुष्यभर त्यानं असलेच रकाने भरले होते.

"तो रिकामा सोडा, साहेब," तो म्हणाला.